पान क्रमांक नसलेलं पुस्तक: एका बोलक्या पाठ्यपुस्तकाचा प्रकरण अभ्यास

## कोणाचं प्रकरण

महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणारा एक छोटा न्यास आहे. पदवीच्या अर्थशास्त्राचं एक मराठी पाठ्यपुस्तक त्यांनी हातात घेतलं आणि त्या एका पुस्तकापायी न्यासाची कामाची रीतच बदलली, त्याची ही नोंद. न्यास, गाव, प्रकाशक आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी तांत्रिक मदतनीस म्हणून सोबत होतो. निर्णय न्यासाचे होते. जिथे माझं मत वेगळं होतं तिथे तसं लिहिलं आहे.

## पार्श्वभूमी

न्यासाचं काम कॅसेटच्या जमान्यात सुरू झालं. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. तीनशे पानांचं पाठ्यपुस्तक समजेल अशा संथ गतीने वाचलं तर तेरा-चौदा तास लागतात, म्हणजे तेरा-चौदा कॅसेटींचा गठ्ठा. त्याला रबरबँड आणि प्रत्येक कॅसेटवर ब्रेलची पट्टी. वाचणारे सगळे स्वयंसेवक: निवृत्त शिक्षिका, बँकेतून सुटलेले एक गृहस्थ, कधीकाळी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदन केलेले एक काका. यातल्या एका बाईंच्या आवाजाची कीर्ती इतकी, की मुलं पुस्तकाचं नाव न घेता 'बाईंचं रेकॉर्डिंग द्या' म्हणायची.

पुढे कॅसेटी संगणकावर उतरवल्या गेल्या. ज्याने कोणी ते काम केलं त्याने कॅसेटच्या प्रत्येक बाजूची एक एमपी३ फाइल केली. तीस मिनिटांची एक फाइल, नाव 'कॅसेट ४, बाजू ब'. इथवर ठीकच होतं. गंमत अशी, की नंतर कॅसेट बंद झाली, रेकॉर्डिंग थेट संगणकावर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये होऊ लागलं, तरी फाइल तीस मिनिटांचीच राहिली. वाक्य अर्धं असलं तरी वाचणारा घड्याळ पाहून थांबायचा. टेप संपण्याची भीती टेप गेल्यावरही कोणाच्या मनातून गेली नव्हती.

बोलक्या पुस्तकांचा इतिहास पाहिला तर माध्यमाने पुस्तकाला आपला आकार देणं नवीन नाही. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास अंध वाचकांसाठी मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकड्या निघाल्या, एका बाजूला साधारण पंधरा मिनिटांच्या. संगीताच्या बाजारात लाँग प्ले तबकडी रुजली ती १९४८ नंतर. म्हणजे लांब वाजणारी तबकडी बाजारात रुजण्याआधीच अंध वाचकांच्या हाती पोचली होती. पण त्या तबकडीवर काय किंवा कॅसेटवर काय, 'पान ११२ काढा' म्हटलं की ऐकणारा हतबलच.

## अडचण कशी पुढे आली

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी ग्रंथालयात आली. तक्रार करायला आली नव्हती, उलट आभारच मानत होती. ग्रंथपालबाईंनी सहज विचारलं, "मग परीक्षेला उपयोग झाला ना गं?"

"मॅडम, एकदा पूर्ण ऐकलं मी. पण आदल्या रात्री मला फक्त मागणीची लवचिकता पाहिजे होती. ती कुठल्या फाइलमध्ये आहे तेच सापडेना. शेवटी रूममेटकडून पुस्तकातून वाचून घेतलं."

न्यासात याआधी बोलणं सुरू होतं ते नव्या मायक्रोफोनचं. मुलं रेकॉर्डिंग कमी नेतात, म्हणजे आवाज जुनाट वाटत असणार, असा सगळ्यांचा समज. देणगीदारही तयार होता. पहिला निर्णायक क्षण इथे आला आणि त्याचं श्रेय ग्रंथपालबाईंचं. त्या म्हणाल्या, "माईक घ्यायचा तर घेऊ, पण आधी मुलं ऐकतात कशी ते बसून बघू."

चार मुलांसोबत बसल्यावर जे दिसलं ते फॉर्म भरून घेऊन कधीच कळलं नसतं. एक मुलगा एका फोनवर रेकॉर्डिंग लावून दुसऱ्या फोनवर हवा तेवढा तुकडा पुन्हा रेकॉर्ड करत होता. त्या त्याच्या 'नोट्स'. दुसरा फाइल सुरुवातीपासून लावून अडीच पट वेगाने ऐकत हवी ती जागा शोधत होता. तिसरी मुलगी टॉकबॅकवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) प्लेअरचा स्लायडर सरकवायची, पण तो ठराविक टप्प्यांनी उडतो, आणि तीस मिनिटांच्या फाइलमध्ये छोटा टप्पासुद्धा मिनिट-दीड मिनिटाची उडी घेतो. नेमकी व्याख्या मधल्या मिनिटात. चौथ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की कादंबऱ्या तो इथून नेतो, अभ्यासाची पुस्तकं नाही.

आणखी एक गोष्ट उघड झाली. ही मुलं परीक्षेत रायटरला, म्हणजे त्यांच्या वतीने पेपर लिहिणाऱ्याला, उत्तर तोंडी सांगतात. रायटर बहुधा दुसऱ्याच शाखेचा. तो विचारतो, "हा शब्द कसा लिहायचा?" आणि केवळ ऐकून शिकलेल्याला ते सांगता येत नाही. आवाजात उच्चार मिळतो, अक्षरं मिळत नाहीत.

तेव्हा प्रश्नाचे दोन भाग झाले: पुस्तकात हव्या जागी पोचता येत नाही, आणि शब्द अक्षरांत हाताशी नाही. आवाजाच्या दर्जाशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. माईकची खरेदी पुढे ढकलली गेली. (देणगीदाराला हे समजावताना सचिवकाकांची झालेली दमछाक हा स्वतंत्र विषय आहे.)

## कोणते पर्याय होते

ब्रेल लवकर बाद झालं. छापण्याचं यंत्र न्यासाकडे नव्हतं, आणि शाळेत असतानाच किंवा कॉलेजात दृष्टी गेलेल्या मुलांचा ब्रेलचा वेग अभ्यासापुरता नव्हता.

खरी रस्सीखेच तीन पर्यायांत होती.

पहिला: आहे तसंच रेकॉर्डिंग, पण तीस मिनिटांऐवजी उपशीर्षकागणिक फाइल. स्वस्त, कोणाला नवं काही शिकायला नको.

दुसरा: आवाजाचा नाद सोडून मजकूरच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षरं म्हणून कळेल असा, द्यायचा. मग लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) किंवा फोनवर टॉकबॅक तो वाचेल. शोधता येईल, अक्षर अक्षर ऐकता येईल. आणि आकाराचा फरक पाहा. तेरा-चौदा तासांचं रेकॉर्डिंग ६४ केबीपीएस दराने ठेवलं तर चारशे एमबीच्या आसपास जातं. तोच तीनशे पानांचा मजकूर दोन एमबीतही मावतो.

तिसरा: डेझी, म्हणजे हव्या जागी उडी मारता येणाऱ्या बोलक्या पुस्तकाचं ठरलेलं स्वरूप. स्वीडनच्या बोलक्या पुस्तकांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९८८ मध्ये हे काम सुरू केलं. छापील पुस्तक चाळता येतं तसं रेकॉर्ड केलेलं पुस्तक चाळता यावं, ही त्यांची मागणी. १९९६ मध्ये अनेक देशांच्या ग्रंथालयांनी मिळून डेझी कन्सॉर्शियम स्थापन केलं, आणि २००१ च्या डेझी २.०२ या आवृत्तीतलं तत्त्व आजही तेच आहे: आवाजाच्या फाइलींसोबत शीर्षकांची उतरंड आणि पान क्रमांक असलेली एक अनुक्रमणिका-फाइल, आणि प्रत्येक नोंद आवाजातल्या नेमक्या सेकंदाला बांधणारी दुसरी. डेझीच्या प्लेअरवर २ आणि ८ ही बटणं 'कशाने उडी मारू' ते निवडतात (प्रकरण, उपशीर्षक, पान), आणि ४ व ६ मागेपुढे नेतात. पुढे २०११ च्या ईपब ३ मध्ये मजकूर आणि आवाज जोडण्याची हीच कल्पना आली, म्हणजे सर्वसाधारण ई-पुस्तकांनी ती अंध वाचकांच्या ग्रंथालयांकडून घेतली.

कॅसेटवरही यावर तोड निघाली होती हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. पान किंवा प्रकरण बदलताना टेपवर अगदी खालच्या पट्टीतला स्वर भरायचे. नेहमीच्या वेगाने तो जेमतेम गुरगुरतो. टेप भरभर पळवली की त्याची पट्टी चढते आणि स्पष्ट 'पीं' ऐकू येतो. शिट्ट्या मोजत पानं ओलांडायची. आमच्या न्यासाच्या कॅसेटींवर हे कधी केलंच गेलं नव्हतं.

दुसरा पर्याय मला सर्वांत पटत होता आणि मी तसं बोललोही. पण त्यात दोन खोडे होते.

एक खोडा मजकूर मिळण्याचा. प्रकाशकाकडे डीटीपीची फाइल मागितली. त्यांनी नकार दिला; फाइल बाहेर गेली की झेरॉक्सवाल्यांचं फावेल ही भीती. इथे कायद्याची बाजू नीट समजून घ्यायला हवी. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१) (झेडबी) आलं. अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत ना-नफा तत्त्वावर करायला परवानगी लागत नाही. अंध वाचकांना पुस्तकं सुलभ व्हावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत तर पहिला देश. पण हे कलम प्रत करू देतं. प्रकाशकाने आपली फाइल द्यावी अशी सक्ती त्यातून होत नाही. तेव्हा उरलं पुस्तक स्कॅन करून त्यातून अक्षरं काढणं, आणि मग ओळ न् ओळ तपासणं.

समजा फाइल मिळाली असती तरी दुसरं संकट होतंच. पुस्तक पेजमेकर या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फाँटात लावलेलं. अशा फाँटात पडद्यावर 'मागणी' दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी कळफलकाची चित्रविचित्र चिन्हं. डोळ्याला फसवणूक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र आत जे आहे तेच वाचतो आणि नुसता गोंधळ ऐकवतो. कन्व्हर्टर असतात, पण जोडाक्षरं, विशेषतः 'ऱ्य' आणि 'र्य', हमखास बिघडवतात. मराठी छपाईची कितीतरी वर्षं या फाँटांत अडकून पडली आहेत.

दुसरा खोडा ऐकणाऱ्यांचा. एनव्हीडीएसोबत येणारा ई-स्पीकचा मराठी आवाज सगळं वाचतो, वेगातही न अडखळता वाचतो, पण माणसासारखा वाचत नाही. 'उदा.' ला अडतो, 'च' आणि 'ज' चे दोन-दोन उच्चार त्याला वेगळे करता येत नाहीत. संगणकाचं शिक्षण झालेल्या मुलांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना वेग हवा होता. नुकती दृष्टी गेलेली एक मुलगी मात्र दोन मिनिटांत म्हणाली, "हे ऐकून मला झोप येते, रडूही येतं."

## काय ठरलं

बैठकीत ठरलं ते असं: बाईंच्याच आवाजात नव्याने रेकॉर्डिंग, डेझी २.०२ मध्ये, तीन पातळ्यांची शीर्षकं आणि पान क्रमांकांसह. पूर्ण मजकूर नंतर, जमेल तसा. तूर्त प्रत्येक प्रकरणाच्या पारिभाषिक शब्दांची यादी तेवढी युनिकोडमध्ये टाइप करून सोबत द्यायची, म्हणजे रायटरला सांगण्यापुरती अक्षरं मिळतील.

ही यादी कल्पना म्हणून फुटकळ वाटली होती. तिचं काय झालं ते पुढे.

## प्रत्यक्ष काम

सांगाडा. रेकॉर्डिंगआधी पुस्तकाचा सांगाडा कागदावर मांडायचं ठरलं, आणि तिथेच कळलं की छापील अनुक्रमणिका आणि आतली शीर्षकं जुळत नाहीत. काही उपशीर्षकांना ४.३.२ असा क्रमांक, काही नुसती ठळक अक्षरांत ओळीच्या सुरुवातीला. डोळस वाचक ठळकपणा पाहून समजून घेतो. इथे मात्र ठरवावं लागतं: हे शीर्षक आहे, की वाक्यातला जोर दिलेला शब्द? अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी दोन संध्याकाळी बसून हे लावून दिलं. त्यांनी लेखकाने न दिलेली काही शीर्षकंही घालायला सुचवलं. ते मात्र न्यासाने नाकारलं. डोळस मुलाच्या पुस्तकात जे आहे तेच यांच्या पुस्तकात असेल, असं सचिवकाकांचं म्हणणं. मला ते तेव्हा ताठर वाटलं, आज बरोबर वाटतं.

पान क्रमांकाचा वाद. बाईंना मध्येच 'पान एकशे बारा' म्हणणं मंजूर नव्हतं. "मी काय रेल्वे स्टेशन आहे?" त्यांचा मुद्दा खरा होता, विवेचन रंगात आलेलं असताना आकडा कानात घुसतो. डेझीमध्ये यावर सोय आहे: पान क्रमांकाचा तुकडा 'वगळता येण्याजोगा' म्हणून खुणावता येतो आणि ऐकणारा तो बंद करू शकतो. हे कळल्यावर बाई तयार झाल्या. मग बारीक प्रश्न: वाक्य दोन पानांवर फुटलं तर? वाक्य पूर्ण करून मग क्रमांक, असं ठरलं. वर्गात एका वाक्याच्या फरकाने कोणाचं अडत नाही.

खोली. वापरायला घेतलं ओबी, डेझी कन्सॉर्शियमचं मोफत सॉफ्टवेअर. ते शांततेच्या जागा ओळखून रेकॉर्डिंगचे वाक्यागणिक तुकडे पाडतं. पण शांतता असायला तर हवी. पंखा चालू असला की त्याला विराम सापडेनात आणि चार मिनिटांचा एकच तुकडा व्हायचा. एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवून बंद खोलीत बाईंनी रेकॉर्डिंग केलं, सकाळी सात ते नऊ, दूधवाले आणि शाळेच्या रिक्षा सांभाळून.

आलेख. सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि सगळ्यात शिकायलाही इथेच मिळालं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य जसंच्या तसं वाचलं जायचं आणि पुढे आकृती नाही. आता वर्णन लिहायचं ठरलं. पहिला मसुदा मोठा हौशी झाला: रेषा जाड आहे, ठिपके तुटक आहेत, कोपऱ्यात 'अ' लिहिलं आहे. त्या विद्यार्थिनीला ऐकवला आणि उठावाच्या कागदावर, म्हणजे रबरी पाटावर प्लास्टिकचा कागद ठेवून टोकदार लेखणीने ओढलं की रेघ वर उठते त्यावर, मागणी वक्र काढायला सांगितला.

तिने उतरती रेघ अचूक काढली. फक्त किंमत आडव्या अक्षावर घेतली.

तिचं चुकलं म्हणावं तर तिचा तर्क चोख होता. पुस्तक म्हणतं, 'किंमत वाढली की मागणी घटते'. आधी किंमत बदलते, म्हणून मागणी बदलते. गणितात कारण असलेली राशी आडव्या अक्षावर घ्यायला शाळेत शिकवलेलं. अर्थशास्त्रात अर्थतज्ज्ञ मार्शलपासून पडलेली वहिवाट उलटी आहे: किंमत उभ्या अक्षावर, प्रमाण आडव्या. डोळस मुलाला हा प्रश्न पडतच नाही. चित्र समोर असतं. प्राध्यापकांनीच कबूल केलं की इतक्या वर्षांत वर्गात हे बोलून दाखवण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

मग वर्णनाचा क्रम पक्का झाला. आधी उभा अक्ष कशाचा, मग आडवा कशाचा. मग वक्राची दिशा: डावीकडून उजवीकडे खाली. मग त्यावरचे दोन बिंदू, आकड्यांसह: किंमत १० रुपये असताना ५० नग, ८ रुपये असताना ७० नग. आणि शेवटी पुस्तक त्यातून काय दाखवतं ते एका वाक्यात. रंग, जाडी, तुटक रेषा सगळं काढून टाकलं. समवृत्ती वक्राचं (सारखंच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्या दाखवणारी रेषा) वर्णन याच क्रमाने लिहिलं, तेव्हा मुलीने 'आरंभबिंदूकडे बहिर्वक्र' हे शब्द ऐकून थांबवलं. "म्हणजे पोट कुठल्या बाजूला?" वर्णनात ते शब्द राहिले, परीक्षेत लिहायचे असतात म्हणून, पण पुढे 'फुगीर बाजू खाली डावीकडे, जिथे दोन्ही अक्ष मिळतात तिकडे' अशी जोड आली. वर्णनं 'वाचकाची टीप' म्हणून वेगळ्या आवाजात, आकाशवाणीवाल्या काकांच्या, रेकॉर्ड झाली. लेखकाचं काय आणि आपलं काय, हे कानाला कळलं पाहिजे.

कोष्टकांना सोपा उपाय लागू पडला: प्रत्येक ओळीत स्तंभाचं नाव पुन्हा उच्चारायचं. लांबतं, पण 'पंचवीस, चाळीस, साठ' अशा नुसत्या आकड्यांच्या माळेत हरवायला होत नाही.

## फोनवर आल्यावर

पुस्तक तयार झालं. डेझीचं पुस्तक म्हणजे एक फोल्डर, त्यात आवाजाच्या आणि जोडणीच्या बऱ्याच फाइली. ग्रंथालयातल्या दोन डेझी प्लेअरवर आणि लॅपटॉपवर ते देखणं चाललं. मुलांच्या फोनवर गेलं तेव्हा मात्र फज्जा उडाला. झिप फाइल उघडायची कशी, इथपासून सुरुवात. ज्यांनी उघडली त्यांच्या फोनने आतले एमपी३ गाण्यांच्या यादीत टाकले, आणि अर्थशास्त्राचे तुकडे अभंग आणि लावण्यांत मिसळून वाजू लागले. डेझी वाचणारी ॲप आहेत, पण ती बसवून शिकवायला माणूस लागतो आणि मुलं तालुक्या-तालुक्यांत विखुरलेली.

दुसरा मोठा निर्णय इथे झाला. एक मत असं, की योग्य स्वरूप हेच आहे, मुलांना शिकवू. दुसरं मत, मुलांकडे आज जे आहे त्यात पुस्तक बसवू. परीक्षा तोंडावर होती. दुसरं मत जिंकलं. ओबीतल्या त्याच मूळ प्रकल्पातून दुसरी प्रत काढली: उपशीर्षकागणिक एक साधी एमपी३. थोडक्यात, बैठकीत मागे पडलेला पहिला पर्याय मागच्या दाराने आत आला, फक्त आता त्याच्यामागे नीट मांडलेला सांगाडा होता.

त्यातही बारकावे निघाले. फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली की फोन १ नंतर १० आणि मग ११ वाजवतो. म्हणून ००१ पासून तीन आकडी क्रमांक, तेही इंग्रजी अंकांत, कारण स्वस्त प्लेअर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दाखवतात. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवलं की फाइलचं नाव जाऊन तारीख आणि क्रमांकाचं नवंच नाव येतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर टिकतं. पण मुलं एकमेकांना पुढे पाठवताना हे पथ्य कोण पाळणार? म्हणून प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला बाईंच्या आवाजात एक ओळ: 'प्रकरण चार, मागणीची लवचिकता, पान एकशे बारापासून.' नाव गेलं तरी पाच सेकंदांत कळतं आपण कुठे आहोत.

## निष्पत्ती

त्या सत्रात सर्वाधिक वापरले गेले ते हे एमपी३चे तुकडे. डेझीची प्रत लॅपटॉप असलेल्या मोजक्या मुलांनी घेतली, पण त्यांनी ती खरोखर वापरली. वर्गात सरांनी पान सांगितलं की हेडफोनचा एक कान लावून तिथे पोचायची.

आणि ती शब्दांची यादी? दुसऱ्या एका महाविद्यालयातून डोळस मुलांनीही मागून नेली. रायटर म्हणून बसणाऱ्यांना ती परीक्षेआधी चाळायला देण्याची कल्पना मात्र फेटाळली गेली. रायटरला विषयाची तयारी करून देणं नियमांच्या दृष्टीने बरं दिसणार नाही, असं न्यासाला वाटलं, आणि तो सावधपणा योग्यच होता.

किंमतही मोजावी लागली. सांगाडा, वर्णनं, खुणा, दोन प्रती: पूर्वी जेवढ्या काळात तीन-चार पुस्तकं व्हायची तेवढा काळ एकाच पुस्तकाला गेला. वार्षिक अहवालात 'यंदा एकूण पुस्तकं' हा आकडा घसरला आणि विश्वस्तांच्या सभेत प्रश्न आला. सचिवकाकांनी दिलेलं उत्तर व्यवहारी होतं: कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन जुन्याच पद्धतीने, फक्त प्रकरणागणिक फाइल, अभ्यासाची पुस्तकं नव्या पद्धतीने, आणि वर्षाला किती घ्यायची ते आधी ठरवून. कादंबरीत कोणी पान ११२ शोधत नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

स्वरूप ठरवण्याआधी एकच प्रकरण तयार करून ते मुलांच्या स्वतःच्या फोनवर चालवून बघायला हवं होतं. ग्रंथालयात बसून मुलं ऐकतात कशी हे पाहिलं गेलं, पण घरी फाइल पोचते कशी हे कोणी पाहिलं नाही. अडचण सगळी त्या वाटेवर होती.

मजकुराचा पाठपुरावा लवकर सुटला. प्रकाशकाने नाही म्हटल्यावर विषय तिथेच थांबला. खरं तर लेखक त्याच विद्यापीठातले, आणि लेखकांकडे अनेकदा स्वतःचं टंकलिखित असतं. शिवाय २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' ही डेझी फोरम ऑफ इंडियाची, सरकारच्या पाठबळावरची ऑनलाइन लायब्ररी आहे. हे पुस्तक दुसऱ्या कुठल्या संस्थेने आधीच केलंय का, एवढं तरी तिथे आधी पाहायला हवं होतं. तपासलं गेलं ते काम अर्ध्यावर आल्यावर. सुदैवाने ते तिथे नव्हतं.

पण खरा फटका बसला तो नव्या आवृत्तीने. अभ्यासक्रम थोडा बदलला, पुस्तकात एक प्रकरण सुधारलं गेलं, मध्ये काही पानं वाढली आणि तिथून पुढचे सगळे पान क्रमांक सरकले. बदललेला मजकूर पुन्हा रेकॉर्ड करणं अवघड नव्हतं. वाक्यागणिक तुकडे असल्याने तेवढेच बदलता आले. डेझीमधल्या खुणाही संगणकावर बसून बदलता येतात. पण बाईंच्या आवाजात उच्चारलेले दीडशेहून जास्त पान क्रमांक आणि फाइलींच्या सुरुवातीच्या ओळी आता चुकीच्या होत्या, आणि बाई दरम्यान मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या होत्या.

क्रमांक उच्चारायचेच नाहीत, नुसती खूण ठेवायची, असं एक मत तेव्हा पुढे आलं. पण खूण डेझीच्या प्लेअरलाच कळते. एमपी३ ऐकणाऱ्याला उच्चारलेल्या आकड्याशिवाय पान कळायला दुसरा मार्ग नाही. शेवटी बाई दिवाळीला गावी आल्या तेव्हा त्यांच्याकडून एक ते नव्व्याण्णव आकडे सुटे रेकॉर्ड करून घेतले. मराठीत शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतंत्र, जोडून तयार होत नाही, त्यामुळे सगळे लागले. त्यांच्या जोडीला 'एकशे', 'दोनशे', 'तीनशे', 'चारशे', शिवाय 'शंभर', 'पान' आणि 'पासून'. आता पान सरकलं की 'पान', 'एकशे' आणि 'अठरा' हे तीन तुकडे जोडून जुन्या जागी बसवतात. जोड कानाला किंचित जाणवते. बाईंनी ऐकून नाक मुरडलं आणि 'एकोणीस' तेवढा पुन्हा रेकॉर्ड करून दिला.